हिवाळ्यात आरव्ही उभी करताना प्रोपेनचा बंदोबस्त

अमेरिकेत किंवा कॅनडात पहिल्यांदाच आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतलेल्या माणसाला ऑक्टोबर उजाडला की जो तो एकच सल्ला देतो: पाइपातलं पाणी काढा, गुलाबी अँटीफ्रीझ (न गोठणारं द्रावण) भरा, नाहीतर पाइप फुटतील. सल्ला खरा आहे. पण शेगडी आणि हीटरसाठीच्या प्रोपेन गॅसबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि मग नवखा माणूस पाण्याचाच नियम गॅसला लावतो. थंडी बाधेल म्हणून सिलिंडर काढून गॅरेजमध्ये किंवा तळघरात आणून ठेवतो. नेमकं हेच करायचं नसतं.

प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो आणि गोठायला त्याला उणे १८८ लागतं. त्यामुळे कितीही कडाक्याची थंडी पडली तरी टाकी फुटत नाही आणि गॅस शिळा होत नाही. धोका असतो तो बंदिस्त जागेचा, सैल राहिलेल्या जोडणीचा आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हचा. पाण्याला थंडीपासून वाचवायचं आणि गॅसला चार भिंतींपासून लांब ठेवायचं, एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात.

आधी हे जमवून ठेवा

कागदांमध्ये स्टोरेजचा करार, विम्याची पॉलिसी आणि गाडीचं मॅन्युअल. मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही, असेल तर मॅन्युअलमध्ये गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह कुठल्या कप्प्यात आहे ते पान शोधून त्याचा फोनवर फोटो काढून ठेवा.

सामानात साधा वजनकाटा, टॉर्च, साबणाचं पाणी किंवा गॅसगळती तपासायचं तयार द्रावण, एक जुना ब्रश, सिलिंडरच्या तोंडाला बसणारं प्लॅस्टिकचं बूच, बारीक जाळी, मास्किंग टेप आणि मार्कर. साबण निवडताना त्यात अमोनिया किंवा क्लोरीन नाही ना, हे बघा, कारण दोन्ही पितळी जोडण्यांना खातात. माचिस किंवा लायटरने गळती शोधणारे महाभाग अजून भेटतात. त्यांच्या शेजारी गाडी उभी करू नका.

१. गाडी कुठे उभी राहणार, ते पहिल्यांदा ठरवा

घरासमोर, उघड्या स्टोरेज लॉटमध्ये, की छप्पर-भिंती असलेल्या गोदामात? यावर बाकी सगळं अवलंबून आहे. बंद गोदामवाले बहुतेक ठिकाणी सिलिंडर आत आणूच देत नाहीत. काही जण टाक्या रिकाम्या हव्यात म्हणतात, तर काहींना फक्त व्हॉल्व्ह बंद असले तरी चालतं. हे करारात लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात. वाचा, आणि शंका राहिली तर ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी मिळतं. उद्या काही घडलं तर विमा कंपनी पहिल्यांदा तोच करार मागणार.

मोटरहोमवाल्यांनी ही चौकशी सप्टेंबरातच करावी. त्यांची टाकी गाडीच्या सांगाड्याला कायमची बसवलेली असते, ती काढून बाजूला ठेवता येत नाही. गोदामाने रिकामी टाकी मागितली तर शेवटच्या एक-दोन सहलींमध्ये फर्नेस (गाडी गरम ठेवणारी भट्टी) आणि वॉटर हीटर गॅसवर चालवून ती उतरवत आणा. उरलेला गॅस व्हॉल्व्ह उघडून हवेत सोडायचा नाही. हवेपेक्षा दीडपट जड असलेला तो वायू जमिनीलगत पसरतो आणि शेजारच्या गाडीतल्या उपकरणाच्या सतत पेटत्या छोट्या ज्योतीपर्यंत जाऊन पोचतो. टाकी खरोखर रिकामी करून हवी असेल तर ते प्रोपेन विक्रेत्याचं काम, त्याच्याकडे त्यासाठीची साधनं असतात.

२. टाकी ओळखा, तिच्यावरचे शिक्के वाचा

ट्रेलरच्या, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढायच्या आरव्हीच्या, पुढच्या त्रिकोणी चौकटीवर उभे असलेले २० किंवा ३० पौंडी सिलिंडर हे डीओटी जातीचे, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या मानकाचे. फिफ्थ-व्हीलमध्ये (पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर) ते बाजूच्या कप्प्यात असतात. मोटरहोमची आडवी, कायमची टाकी एएसएमई जातीची, म्हणजे अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकाची असते. फरक महत्त्वाचा आहे, कारण डीओटी सिलिंडरला मुदत असते आणि एएसएमई टाकीला तशी ठरावीक फेरतपासणी नसते.

सिलिंडरच्या गळ्याभोवतीच्या पत्र्याच्या कड्यावर अक्षरं ठोकलेली दिसतील. टीडब्ल्यू म्हणजे रिकाम्या सिलिंडरचं वजन आणि डब्ल्यूसी म्हणजे त्यात किती पाणी मावेल तो आकडा. त्यांच्या आसपास महिना आणि वर्ष असतं, ती बनवल्याची तारीख. अमेरिकेत या तारखेपासून १२ वर्षांनी सिलिंडर तपासून नवा शिक्का घ्यावा लागतो, कॅनडात १० वर्षांनी. अमेरिकेतल्या फेरतपासणीच्या शिक्क्यापुढे ‘ई’ हे इंग्रजी अक्षर असेल तर तपासणी फक्त डोळ्यांनी झालेली असते आणि ती ५ वर्षं चालते. मुदत संपलेला सिलिंडर कोणीही भरून देत नाही. हे वसंतात, लांब वीकेंडच्या आदल्या दिवशी रांगेत उभं राहिल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

मुदत संपत आलेल्या २० पौंडी सिलिंडरसाठी एक सोपा मार्ग आहे: दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून अदलाबदल. जुना द्या, तपासलेला घ्या. मात्र तुमचा सिलिंडर नवाकोरा असेल तर या भानगडीत पडू नका. बदल्यात कुठला, किती जुना मिळेल ते नशिबावर. शिवाय अदलाबदलीच्या सिलिंडरमध्ये बहुतेक वेळा २० नव्हे, १५ पौंडच गॅस असतो. लेबलवर तसं छापलेलं असतं, पण वाचतो कोण? ३० पौंडींची अशी अदलाबदल सहसा मिळत नाही, ते भरूनच घ्यावे लागतात.

व्हॉल्व्हची मूठ तिकोनी आहे का, तेही बघून घ्या. तिकोनी मूठ म्हणजे आत जास्त भरणं रोखणारा ओपीडी व्हॉल्व्ह आहे. १ एप्रिल २००२ पासून अमेरिकेत ४ ते ४० पौंडांच्या उभ्या सिलिंडरना तो नसेल तर भरून मिळत नाही. जुना ट्रेलर विकत घेतलेल्यांना क्वचित गोल मुठीचे सिलिंडर मिळतात. ते मोडीतच काढावे लागतात, आणि तेही प्रोपेनवाल्याकडे देऊन. कचऱ्यात टाकायचे नाहीत.

३. किती गॅस शिल्लक आहे, ते वजनाने ठरवा

या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून सांगते.

सिलिंडरच्या तोंडाशी लावायचे स्वस्त काटे मिळतात, हिरवा-पिवळा-लाल असे. त्यातले बरेच दाब मोजतात, गॅसचं प्रमाण मोजत नाहीत. टाकीत द्रव प्रोपेनचा थेंबभरही साठा असेपर्यंत आतला दाब फक्त तापमानावर ठरतो. २१ अंश सेल्सियसला तो सुमारे ११० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो, तर उणे १८ ला सुमारे २४. म्हणजे तीच टाकी, तेवढाच गॅस, पण ऑक्टोबरातल्या दुपारी काटा हिरव्यात आणि जानेवारीतल्या सकाळी लालमध्ये. आमच्या लॉटमध्ये एका गृहस्थांनी हा लाल काटा बघून गळती झाली असं समजून तंत्रज्ञाला बोलावलं होतं. त्याने सिलिंडर उचलून वजनकाट्यावर ठेवला, जवळजवळ भरलेला निघाला. भेटीचे पैसे मात्र द्यावे लागले.

म्हणून वजन करा. समजा टीडब्ल्यूपुढे १७ लिहिलंय आणि काटा २७ पौंड दाखवतोय, तर आत १० पौंड गॅस आहे. २० पौंडीच्या हिशोबात अर्धा. गॅलनमध्ये हवं असेल तर ४.२ ने भागा, सुमारे २.४ गॅलन येतात. याचा उपयोग वसंतातल्या पहिल्या सहलीचा अंदाज बांधायला होतो. तासाला ३० हजार बीटीयू (उष्णतेचं एकक) क्षमतेची फर्नेस सतत पेटती राहिली तर तासाला साधारण १.४ पौंड गॅस खाते, म्हणजे हे १० पौंड जेमतेम ७ तास. प्रत्यक्षात ती मधूनमधून बंद होते, तरी थंड रात्री दोनपेक्षा जास्त धरू नका.

मोटरहोमच्या टाकीवर तरंगत्या गोळ्याचा मापक असतो, तो प्रमाणच दाखवतो. फार अचूक नसला तरी कामापुरता ठीक. तिथेच एक छोटा स्क्रू असतो, भरताना ८० टक्क्यांची पातळी कळावी म्हणून. त्याला हात लावायचं कारण नाही.

आता नेहमीचा प्रश्न, भरून ठेवायचा की रिकामा? माझं मत भरून किंवा अर्धा, पण पूर्ण रिकामा नको. रिकाम्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जरा उघडा राहिला की आत दमट हवा शिरते आणि गंज धरतो. गळती कळावी म्हणून प्रोपेनमध्ये जे वासाचं द्रव्य घालतात, तेही हा गंज शोषून घेतो. मग गॅस गळला तरी वास पुरेसा येत नाही. त्या दमट हवेतलं पाणी पुढच्या थंडीत रेग्युलेटरमध्ये जाऊन गोठतं ते वेगळंच. भरलेल्याची काळजी नको. टाकी ८० टक्केच भरतात, ती वरची मोकळी जागा गॅसला प्रसरण पावायलाच ठेवलेली असते.

४. बंद करताना क्रम पाळा

पाण्याचं सगळं काम आधी उरका. गाडी उबदार ठेवायला फर्नेस लागते, म्हणून गॅस शेवटी. एक अपवाद: वॉटर हीटरचं गॅसचं आणि विजेचं, दोन्ही बटणं त्याची टाकी रिकामी करण्याआधीच बंद हवीत. कोरड्या टाकीत विजेची कांडी चालू राहिली तर ती काही मिनिटांत जळते.

मग थर्मोस्टॅट बंद करा. ज्योत विझल्यावरही फर्नेसचा पंखा थोडा वेळ फिरत राहील, त्याला थांबू द्या. बॅटरी आत्ताच तोडलीत तर आतली उष्णता आतच कोंडते. गॅसवर चालणारा फ्रिज बंद करा आणि त्याची दारं किंचित उघडी राहतील अशी व्यवस्था करा. नव्या गाड्यांत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज असेल तर त्याचा गॅसशी संबंध नाही.

आता बाहेर येऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बंद करा. हाताने, पान्याने नाही. आतली बैठक मऊ असते, जोर केला की ती चेपते आणि मग तो व्हॉल्व्ह कायमचा कुरकुरत गळतो. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही. हे मुद्दाम लिहितेय, कारण दोन सिलिंडरांच्या ट्रेलरवर बहुधा आपोआप बदलणारा रेग्युलेटर असतो. एक बंद केला की तो गुपचूप दुसऱ्यावर जातो आणि आपल्याला वाटतं, झालं काम.

हे पडताळून बघायची रीत अशी. आत या, छताचा पंखा आणि एक खिडकी उघडा, शेगडीचा एकच बर्नर पेटवा. पाइपात अडकलेला गॅस आता जळून जातो. ज्योत आधी नेहमीसारखी असते, मग तिची निळी टोकं बसत जातात, ती बर्नरच्या भोकांना चिकटून थरथरते, एखादा बारीक ‘फट्’ आवाज होतो आणि ती विझते. तिथेच उभं राहायचं, विझली की लगेच नॉब बंद. दुसरी कामं करायला जायचं नाही. बऱ्याच मिनिटांनंतरही ज्योत ताठच असेल तर दुसरा सिलिंडर उघडा आहे किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. बाहेरच्या ग्रिलसाठी बाजूला वेगळं तोंड असेल तर त्याचीही चावी बंद करा.

यानंतर सिलिंडरची रबरी नळी सोडवा. नव्या जोडणीची मोठी प्लॅस्टिकची चकती हातानेच सुटते आणि नेहमीच्याच दिशेने फिरते. जुनी पितळी, आत घुसणारी पीओएल जोडणी मात्र उलट आट्यांची असते, ती सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायची. नेहमीसारखी फिरवत बसलात तर ती आणखी घट्ट होत जाते. सुटताना क्षणभर फुस्स झालं तर घाबरू नका, तो नळीतला उरलासुरला गॅस. फुसफुस थांबलीच नाही तर नळी परत जोडा, व्हॉल्व्ह तपासा.

सिलिंडरच्या तोंडाला बूच लावा. नळीच्या टोकालाही टोपी घाला, नसेल तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून रबरबँड लावा आणि टोक खाली लोंबतं ठेवा.

सगळ्यात शेवटी बॅटरी. जमिनीलगत भिंतीवर गॅसचा डिटेक्टर असतो, तो चोवीस तास थोडी थोडी वीज खातो आणि काही आठवड्यांत बॅटरी उतरवतो. पुष्कळ गाड्यांत तो बॅटरी तोडणाऱ्या डिस्कनेक्ट स्विचला बगल देऊन थेट जोडलेला असतो, म्हणून स्विचवर विसंबू नका. बॅटरीची ऋण टोकाची तार काढा किंवा बॅटरीच घरी नेऊन चार्ज ठेवा. पूर्ण भरलेली लेड-अॅसिड बॅटरी कडक थंडी सोसते, उतरलेली शून्याखाली काही अंशांतच गोठते आणि फुगते. गॅस बंद झाल्याखेरीज डिटेक्टर बंद करायचा नाही, एवढा क्रम सांभाळा.

५. सिलिंडर काढून ठेवायचा की जागेवरच?

गाडी उघड्यावर असेल, करार आड येत नसेल आणि चोरीची भीती नसेल तर जागेवर ठेवलेला उत्तम. तिथे तो उभा असतो, बांधलेला असतो, वारा लागत असतो. काढायचाच झाला तर घराबाहेर, उभा, सावलीत, दारं-खिडक्या, एसीचा बाहेरचा भाग आणि ग्रिलपासून चांगला लांब. मी दहा फूट धरते. खाली फरशी किंवा काँक्रीटचा ठोकळा ठेवा. मातीवर ठेवलेल्या सिलिंडरच्या बुडाचं कडं एका हिवाळ्यात तांबूस होतं आणि भरणारा माणूस पहिल्यांदा तेच बघतो.

आपल्याला स्वयंपाकघरात ओट्याखाली सिलिंडर बघायची सवय असते, त्यामुळे “घरात ठेवला तर काय होतं?” हा प्रश्न मराठी घरांत हमखास येतो. इथले नियम वेगळे आहेत. अमेरिकेत राज्यं आणि गावं एनएफपीए ५८ या अग्निसुरक्षेच्या संहितेच्या आधाराने नियम करतात. तिच्यानुसार राहत्या घरात, तळघरात आणि घराला लागून असलेल्या गॅरेजमध्येसुद्धा फक्त कॅम्पिंगचे एक पौंडी छोटे डबे ठेवता येतात, तेही दोनच. २० पौंडीला परवानगी नाही. कारणही सरळ आहे. प्रोपेन खाली बसतो आणि तळघरात, गॅरेजमध्ये जमिनीलगत वॉटर हीटर, ड्रायर, भट्टी अशी पेट घ्यायची साधनं असतात. हवेत दोन टक्क्यांच्या थोडं वर गॅस झाला की ठिणगी पुरते.

सिलिंडरवर गाडीचं कव्हर चढवणार असाल तर हवा खेळणारं घ्या, प्लॅस्टिकची ताडपत्री आवळून बांधू नका. रेग्युलेटरला मात्र आच्छादन हवं. त्याला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं, ते खाली तोंड करून असायला हवं. त्यात पाणी जाऊन गोठलं तर वसंतात दाब बिघडलेला मिळतो.

६. कोळी आणि उंदीर

थट्टा वाटेल, पण वसंतात फ्रिज किंवा वॉटर हीटर पेटत नाही याचं एक मोठं कारण म्हणजे कोळ्याचं जाळं. गॅसमधल्या वासाने कोळी येतात असं आरव्हीवाले सांगतात. ते असो वा नसो, बर्नरच्या अरुंद नळीत ते घर करतात हे नक्की. वॉटर हीटर, फ्रिज आणि फर्नेसच्या बाहेरच्या झरोक्यांना त्यांच्या मापाच्या जाळ्या मिळतात, त्या लावा. फर्नेसचं धुराडं बंद करायला काही जण आत स्टीलची लोकर कोंबतात. कोंबलीत तर लालभडक पट्टी बाहेर लोंबती ठेवा आणि थर्मोस्टॅटवर टेप लावून “धुराडं बंद” असं लिहा. विसरून फर्नेस पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो.

सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला असलेली भोकं कधीच बुजवू नका. “इथून उंदीर येतील” म्हणून तीच आधी डोळ्यांत भरतात. पण गळलेला गॅस खाली पडून बाहेर जावा म्हणूनच ती ठेवलेली असतात. उंदरांसाठी हवी तर जाळी, बोळा नको. रबरी नळ्या ते कुरतडतात, म्हणून नळी लोंबती न ठेवता वर बांधून ठेवता आली तर बरं, फक्त तोंड खालीच राहू द्या.

७. मधल्या काळात

महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर मारा. रेग्युलेटरवर साचलेला बर्फ हाताने काढा, बूच जागेवर आहे ना ते बघा. एवढंच. “जरा ऊब द्यावी” म्हणून उभ्या गाडीत फर्नेस किंवा शेगडी पेटवू नका. आत बाष्प धरतं, त्याचा फायदा शून्य. सिलिंडरला हीट गन, उघडी ज्योत, घरचं ब्लँकेट यातलं काहीही लावायचं नाही.

८. वसंतात पुन्हा उघडताना

बॅटरी जोडा, डिटेक्टरचं चाचणीचं बटण दाबा आणि त्याच्या पाठीवरची तारीख वाचा. हे यंत्र साधारण ५ ते ७ वर्षांत बाद होतं. आवाज येतोय म्हणजे चालतंय असं नाही, आवाज फक्त भोंग्याचा असतो. जाळ्या, टेप, बोळे काढल्याची यादी करून खूण करा. नळीला वाकवून बघा, भेगा दिसल्या तर नवी घ्या, पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

शेगडीसह सगळी उपकरणं बंद असताना सिलिंडर जोडा आणि व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा. झटक्यात उघडलात तर जोडणीतली सुरक्षा झडप नळी तुटली असं समजते आणि गॅस जवळजवळ अडवते. मग शेगडीची ज्योत मिणमिणती राहते, फर्नेस पेटतच नाही, आणि लोक रेग्युलेटर बदलून मोकळे होतात. त्याआधी व्हॉल्व्ह बंद करा, थोडं थांबा, हळू उघडा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

मग ब्रशने प्रत्येक जोडणीला साबणाचं पाणी लावा: व्हॉल्व्हचं तोंड, नळीची दोन्ही टोकं, रेग्युलेटरचे सांधे. घाई नको. मोठी गळती भसाभस फेस काढते, बारीक गळतीत एका जागी मोहरीएवढे बुडबुडे उमटत राहतात, ते दिसायला अर्धा मिनिट लागतो. बुडबुडा दिसला की व्हॉल्व्ह बंद, सांधा आवळून परत चाचणी. दुसऱ्यांदाही दिसला तर तंत्रज्ञ. त्याच्याकडून पाण्याच्या स्तंभाच्या उंचीवर दाब मोजणारा मापक लावून पूर्ण यंत्रणेचा दाबही तपासून घ्या. आरव्हीची उपकरणं ११ इंच पाण्याच्या दाबावर चालतात, म्हणजे अर्ध्या पीएसआयपेक्षाही कमी, आणि एवढा फरक नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

पेटवताना शेगडीपासून सुरुवात करा, पाइपातली हवा तिथून निघते. फ्रिज पहिल्या एक-दोन प्रयत्नांत नकार देईल, त्याची नळी लांब असते. वॉटर हीटरची टाकी पाण्याने भरून गरम नळातून धार येईपर्यंत त्याच्या बटणाला हात लावायचा नाही. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, काजळी धरणारी किंवा उडती दिसली तर उपकरण बंद करून बर्नर साफ करून घ्या.

आणि गॅसचा वास आला तर, कुठल्याही पायरीवर असा: ज्योत विझवा, दिव्याच्या बटणाला हात न लावता सगळ्यांना बाहेर काढा, सहज पोचता येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि लांब जाऊन आणीबाणीच्या ९११ या क्रमांकावर फोन करा. थोड्या वेळाने वास येईनासा झाला म्हणून परत आत जाऊ नका. नाकाला त्या वासाची लवकर सवय होते, गॅस तिथेच असतो.